इंटरचे गुण आणि डॉक्टरकीचा उंबरठा

एप्रिल महिना सरत आला, की तलमडुगुच्या शिवारात एक विसाव्याचा काळ येतो. कापूस केव्हाच बाजारात गेलेला असतो, पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या असतात, आणि काळी जमीन मृगाची वाट पाहत उन्हात पडलेली असते. परंतु ज्या घरात बारावीला बसलेला मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घराला मात्र याच दिवसांत विसावा नसतो. इंटरचा निकाल लागतो आणि ओट्यावर बसलेल्या मंडळींत एकच विषय सुरू होतो : कोणाला किती पडले?

अशा वेळी दोन प्रश्न हमखास कानी येतात. एक बाप म्हणतो, "सर, माझ्या पोरीला बायपीसीत नव्वद टक्के पडले. आता ती डॉक्टर होणारच ना?" दुसरा बाप मान खाली घालून विचारतो, "आमच्या पोराला पंचावन्नच पडले. आता त्याने डॉक्टरकीचे नाव सोडून द्यावे काय?" एका घरात पेढे वाटले जात असतात आणि दुसऱ्या घरात चूल पेटवण्याचेही भान नसते. नवल असे, की दोन्ही प्रश्नांचे खरे उत्तर एकच आहे, आणि ते म्हणजे "नाही". नव्वद टक्के मिळाले म्हणून ती मुलगी डॉक्टर झालीच असे नाही, आणि पंचावन्न मिळाले म्हणून त्या मुलाचा मार्ग बंद झाला असेही नाही.

हे असे का, आणि मग इंटरच्या गुणांना किंमत तरी किती, हे आपल्या कुटुंबांना नीट ठाऊक असणे अगत्याचे आहे. या अज्ञानापायी कोणी नको तेथे कर्ज काढतो, कोणी मुलाला नको त्या गावी पाठवतो, आणि कोणी हातची संधी दवडतो. सबब, हा विषय आज जरा विस्ताराने मांडावा असे योजिले आहे.

उंबरठा आणि जिना

घरात शिरायचे तर आधी उंबरठा ओलांडावा लागतो, आणि माडीवर जायचे तर जिना चढावा लागतो. वैद्यकीय शिक्षणाच्या बाबतीत इंटरचे गुण हा उंबरठा आहे, आणि "नीट" या नावाने ओळखली जाणारी देशव्यापी प्रवेशपरीक्षा हा जिना आहे. उंबरठा ओलांडल्याशिवाय जिना गाठता येत नाही. परंतु उंबरठ्यावरून कितीही ऐटीत उडी मारली, तरी तेवढ्याने कोणी माडीवर पोहोचत नाही.

उंबरठ्याची उंची नियमाने ठरलेली आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय असावे लागतात, आणि या प्रत्येक विषयात स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. शिवाय तीन शास्त्रविषयांच्या गुणांची एकत्र बेरीज खुल्या वर्गातील विद्यार्थ्याला निदान ५० टक्के, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व मागास वर्गातील विद्यार्थ्याला निदान ४० टक्के, आणि खुल्या वर्गातील अपंग विद्यार्थ्याला निदान ४५ टक्के पडावी लागते. महाराष्ट्राच्या बारावीत हे तीन विषय प्रत्येकी १०० गुणांचे असतात. म्हणजे ३०० पैकी १५०, किंवा मागास वर्गासाठी १२०, हा तो उंबरठा होय. भाषांचे गुण या हिशेबात धरीत नाहीत. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावीत, अशीही एक अट आहे.

येथे एक खळगा आहे, आणि त्यात अनेक मुले पडतात. तेलंगणात इंटर उत्तीर्ण होण्यास ३५ टक्के पुरतात. घरी निरोप येतो, "पोरगा पास झाला." सर्वांना आनंद होतो. परंतु शास्त्रविषयांत त्याची बेरीज ४५ टक्के असेल आणि तो खुल्या वर्गातला असेल, तर पुढे नीटमध्ये त्याने कितीही चांगला क्रमांक मिळवला, तरी वैद्यकीय महाविद्यालयाचे दार त्याला उघडणार नाही. पास होणे वेगळे आणि पात्र होणे वेगळे. हा भेद निकालाच्या दिवशी नव्हे, तर इंटरच्या पहिल्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात मुलाला सांगितला पाहिजे.

उलटपक्षी, उंबरठा एकदा ओलांडला, की ५५ टक्केवाला आणि ९५ टक्केवाला हे दोघे एकाच पायरीवर येऊन उभे राहतात. पुढचा क्रम लावताना बारावीच्या गुणांकडे कोणी पाहत नाही. दोघा विद्यार्थ्यांचे नीटमधील गुण सारखे झाले, तरीसुद्धा निवाडा बारावीच्या गुणांनी होत नाही. ज्याला नीटमध्येच जीवशास्त्रात अधिक गुण तो वर, तेही सारखे असल्यास रसायनशास्त्र, आणि मग भौतिकशास्त्र, असा तो क्रम आहे.

पूर्वी असे नव्हते

आपल्यातील वडीलधाऱ्यांना हे ऐकून आश्चर्य वाटेल, कारण त्यांच्या काळी गुणपत्रिका हीच सर्वस्व होती. आदिलाबाद जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या काळी आणि त्यानंतरही बरीच वर्षे, इकडे काय किंवा पलीकडे महाराष्ट्रात काय, इंटर सायन्सच्या आणि पुढे बारावीच्या गुणांवरच वैद्यकीय प्रवेश ठरत असे. एका गुणाने जागा मिळे आणि एका गुणाने जाई. लातूरच्या महाविद्यालयांनी बारावीच्या गुणांची जी कसून तयारी करून घेतली, आणि जिला पुढे "लातूर पॅटर्न" असे नाव पडले, तिचा बोलबाला याच व्यवस्थेत वाढला.

मग ही व्यवस्था बदलली का? कारण उघड आहे. एका मंडळाचे नव्वद आणि दुसऱ्या मंडळाचे नव्वद यांचे वजन सारखे नसते. एक मंडळ हात सैल ठेवते, दुसरे आवळते. दोन बाजारांत दोन निरनिराळ्या तराजूंनी तोललेला कापूस एकाच भावाने कसा घ्यावा? म्हणून १९९७ च्या वैद्यकीय शिक्षणाच्या नियमावलीत असे ठरले, की ज्या राज्यात एकाहून अधिक परीक्षामंडळे आहेत, तेथे सर्वांना एक समान प्रवेशपरीक्षा असावी. अखिल भारतीय जागांसाठी तर १९८८ पासूनच स्वतंत्र परीक्षा सुरू झालेली होती. आंध्र प्रदेशात एमसेट होती, आणि पुढे महाराष्ट्रातही सीईटी आली. एमसेटमध्ये काही वर्षे मधला मार्ग होता : प्रवेशपरीक्षेला ७५ टक्के वजन आणि इंटरच्या गुणांना २५ टक्के. त्या काळात इंटरचा प्रत्येक गुण पुढच्या क्रमांकात उतरत असे. आज कित्येक घरांत जो गैरसमज आढळतो, त्याचे मूळ त्या जुन्या नियमात आहे. थोरल्या भावाच्या वेळचा नियम धाकट्या बहिणीला सांगितला जातो, आणि मध्यंतरी सारे बदलून गेले आहे याची कोणाला वार्ताही नसते.

नीट प्रथम ५ मे २०१३ रोजी झाली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये पुन्हा उभी केली. ते २०१६ साल तेलंगणाच्या विद्यार्थ्यांना फार कष्टाचे गेले. राज्याची वैद्यकीय परीक्षा जुलैमध्ये झाली, तिचे प्रश्न आधीच फुटल्याचे उघडकीस आले, ती रद्द झाली, आणि सप्टेंबरमध्ये मुलांना पुन्हा बसावे लागले. त्यानंतरच्या वर्षापासून राज्याची वैद्यकीय प्रवेशपरीक्षा संपली आणि नीट ही एकच वाट उरली.

या बदलाविरुद्ध जो आक्षेप आहे तोही येथे नोंदवला पाहिजे, कारण तो आपल्यासारख्या खेड्यांचाच आक्षेप आहे. तामिळनाडू राज्याने २००६ साली कायदा करून प्रवेशपरीक्षा काढून टाकली होती, आणि कित्येक वर्षे तेथे बारावीच्या गुणांवरच प्रवेश दिले. प्रवेशपरीक्षा आली की महागडे शिकवणीवर्ग येतात, आणि मग शहरातला पैसेवाला पुढे जातो, खेड्यातला हुशार मुलगा मागे पडतो, असे त्या राज्याचे म्हणणे आहे. नीट आल्यावर त्याने २०२० साली सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी साडेसात टक्के जागा राखून ठेवल्या. हा वाद अजून मिटलेला नाही. परंतु वाद मिटेपर्यंत आपल्या मुलांचे वय थांबत नाही. नियम आज जो आहे, तो धरूनच आपण चालले पाहिजे.

जिना किती पायऱ्यांचा?

नीटमध्ये १८० प्रश्न असतात : भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९०. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला १ गुण कापला जातो, आणि एकूण गुण ७२० असतात. २०२५ साली सुमारे बावीस लाख विद्यार्थी या परीक्षेला बसले. देशातील एमबीबीएसच्या जागा त्या सुमारास सव्वा लाखाच्या आसपास होत्या. म्हणजे एका जागेमागे सतरा-अठरा मुले. त्यातही खाजगी महाविद्यालयांतील कित्येक जागांचे शुल्क शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे असते.

येथे आणखी एक शब्द समजून घ्यावा. निकालपत्रावर मूल "पात्र" झाल्याचे लिहून येते. खुल्या वर्गाला ५० वे शतमान आणि राखीव वर्गांना ४० वे शतमान अशी ती पात्रता आहे. शतमान म्हणजे टक्के नव्हेत. बसलेल्या मुलांतील निम्म्यांच्या पुढे असणे, असा ५० व्या शतमानाचा अर्थ आहे. २०२५ साली खुल्या वर्गाची ही पात्रता ७२० पैकी अवघ्या १४४ गुणांवर आली होती. त्या वर्षी बारा लाखांहून अधिक मुले पात्र ठरली. बारा लाख पात्र आणि जागा सव्वा लाख! "पोरगी नीट पास झाली" एवढ्या बळावर जो शेत गहाण टाकतो, त्याने हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

या परीक्षेला किती वेळा बसावे याला मर्यादा नाही, आणि वयाची वरची अटही २०२२ साली काढून टाकण्यात आली. म्हणूनच आपल्याकडे "लाँगटर्म" नावाचा प्रकार बोकाळला आहे. एक वर्ष पुन्हा तयारी केल्याने पुष्कळ मुलांचा लाभ होतो, यात संशय नाही. परंतु दुसरे, तिसरे, चौथे वर्ष घालवण्यापूर्वी मुलाच्या गुणांत खरोखर वाढ होते आहे काय, हे शांतपणे पाहिले पाहिजे.

पैनगंगेचे दोन तीर

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. तलमडुगु, सुंकिडी, रुय्याडी, कज्जर्ला या बाजूच्या गावांतील मराठी घरांचे नातेगोते पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर पसरलेले आहे. मुलीचे सासर यवतमाळ जिल्ह्यात, मामाचे घर किनवटला, आत्या नांदेडला. साहजिकच दहावी झाली, की विचार येतो : पोराला मामाकडे ठेवू, नांदेडला किंवा लातूरला अकरावी-बारावी करू देऊ. मराठी बोलायला मिळेल, शिकवणीही चांगली मिळेल.

हेतू उत्तम आहे. परंतु नियम पाहा. प्रत्येक राज्यातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय वाट्याला जातात, आणि उरलेल्या ८५ टक्के जागा त्या राज्याच्या मुलांसाठी असतात. त्या राज्याचे मूल कोणते, हे केवळ रेशनकार्डावरून किंवा सातबाऱ्यावरून ठरत नाही. तेलंगणाने २०२४ साली असा नियम केला, की नववीपासून बारावीपर्यंतची सलग चार वर्षे जे मूल राज्यात शिकले आणि ज्याने बारावीही राज्यातूनच दिली, तेच स्थानिक. या नियमाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली गेली. उच्च न्यायालयाने राज्याच्या रहिवाशांना काही दिलासा दिला होता. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्याचा नियम ग्राह्य धरला. राज्याच्या सेवेत बाहेरगावी असलेल्या नोकरदारांच्या मुलांसारखे थोडे अपवाद आहेत. शेतकऱ्याच्या मुलाला ते लागू पडत नाहीत.

तिकडे महाराष्ट्रात राज्याच्या वाट्यातील जागेसाठी अधिवासाच्या दाखल्याबरोबर दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून दिलेल्या असाव्या लागतात. आता हिशेब करा. ज्या मुलाने दहावी तलमडुगुला केली आणि बारावी नांदेडला, तो तेलंगणाच्या चार वर्षांत बसत नाही आणि महाराष्ट्राच्या दोन परीक्षांतही बसत नाही. नदी ओलांडायला निघालेला माणूस मधोमध अडकावा, तशी त्याची गत होते. त्याच्यापुढे सरकारी महाविद्यालयांच्या ८५ टक्के जागा दोन्ही तीरांवर मिटतात, आणि केवळ अखिल भारतीय १५ टक्के किंवा महागड्या खाजगी जागा उरतात. कर्नाटकच्या वादग्रस्त सीमाभागातील मराठी मुलांसाठी महाराष्ट्रात काही जागा राखीव असतात, हे खरे. परंतु ती सवलत तेलंगणातील मराठी मुलांना नाही.

तेव्हा ज्यांना मुलाला पलीकडे शिकवायचे असेल, त्यांनी आपला अधिवास कोठला आणि दहावी कोठून होणार, याचा विचार नववीच्या आधीच करावा. ज्यांना तेलंगणाच्या जागेची आशा आहे, त्यांनी बारावीपर्यंत मुलाला राज्यातच ठेवावे. बारावीनंतर एक वर्षाच्या तयारीसाठी तो लातूरला गेला, तर त्याने स्थानिकपणाला बाध येत नाही, कारण नियम बारावीपर्यंतच्या शाळेचा आहे. मुलगा कितीही हुशार असो, एका दाखल्याच्या चुकीने त्याची जागा गेली, तर ती चूक त्याची नव्हे, आपली असते.

आपल्या राज्यात राहण्यात तोटाही पूर्वीइतका उरलेला नाही. एके काळी आदिलाबादच्या मुलाला वैद्यकीय शिक्षणासाठी वरंगल किंवा हैदराबाद गाठावे लागे. २००८ साली आदिलाबाद शहरातच राजीव गांधी आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे आपण ज्याला "रिम्स" म्हणतो ते महाविद्यालय, सुरू झाले. पुढे जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्याच भूमीवर २०२२ साली मंचेरियाल येथे, आणि २०२३ साली निर्मल व आसिफाबाद येथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालये उघडली. जेथे एकही नव्हते, तेथे आज चार आहेत. या जागांचे प्रवेश वरंगल येथील काळोजी नारायणराव आरोग्यविज्ञान विद्यापीठामार्फत होतात. खाजगी महाविद्यालयांतही अर्ध्या जागा राज्याच्या वाट्यातून, कमी शुल्कात भरल्या जातात.

दोन दाखले आणि एक भाषा

जातीच्या दाखल्याविषयीही आपल्या समाजात फार गोंधळ आहे. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. गोंड, कोलाम, आंध किंवा परधान कुटुंब ख्रिस्ती झाले, म्हणून त्याचा तो दर्जा जात नाही. अनुसूचित जातीचा प्रश्न मात्र निराळा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती कुटुंबाला तो दर्जा मिळत नाही. परंतु तेलंगणात अशा कुटुंबांचा समावेश मागास वर्गाच्या "बीसी-सी" या गटात होतो, आणि त्या गटाला १ टक्का आरक्षण आहे. त्यायोगे उंबरठाही ५० ऐवजी ४० टक्क्यांचा होतो. दाखला वेळेवर काढला नाही म्हणून खुल्या वर्गात मोजली गेलेली मुले दरसाल आढळतात. निकालानंतर धावपळ करण्यापेक्षा, कापसाचे पैसे हाती येतात त्या दिवसांतच तहसील कार्यालयाची एक फेरी करावी.

दुसरी गोष्ट भाषेची. नीटची प्रश्नपत्रिका १३ भाषांत निघते, आणि मराठी त्यांपैकी एक आहे. परंतु मराठी प्रश्नपत्रिका केवळ महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. तेलंगणातील केंद्रांवर इंग्रजी, हिंदी, उर्दू आणि तेलुगू एवढ्याच भाषा उपलब्ध असतात. आदिलाबाद जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, आणि त्यांत शिकणाऱ्या मुलांनी आपल्या भाषेचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु शास्त्रविषयांतील इंग्रजी किंवा तेलुगू शब्दांची ओळख आठवी-नववीपासून करून घेतली नाही, तर उत्तर येत असूनही प्रश्न न समजल्याने गुण जातात.

कॅथॉलिक कुटुंबांनी आणखी एक वाट लक्षात ठेवावी. बंगळूर येथील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेने १९६३ साली स्थापिले. तेथे देशभरातील कॅथॉलिक विद्यार्थ्यांसाठी जागा असतात. ग्रामीण भागातील सेवा हा तेथील शिक्षणाचा जुना भाग आहे. मात्र तेथेही नीटचा जिना चुकत नाही.

मग गुणांची किंमत काय?

एवढे वाचल्यावर एखादा चलाख विद्यार्थी म्हणेल, "मग इंटरला पन्नास टक्के मिळवले की झाले! कॉलेजात जायलाच नको, शिकवणीला गेलो की पुरे." हे म्हणणे घातक आहे. एक तर नीटचे प्रश्न अकरावी-बारावीच्याच अभ्यासक्रमातून निघतात. ज्याचे इंटर कच्चे, त्याचे नीट पक्के कसे होणार? दुसरे, नीटमध्ये अपेक्षित क्रमांक न लागल्यास नव्याण्णव वाटांना इंटरचीच गुणपत्रिका लागते. विज्ञानाची पदवी, परिचारिका-शिक्षण, औषधनिर्माण, कृषी, शिष्यवृत्त्या, सर्व ठिकाणी पहिला कागद तोच मागतात. तिसरे, आत शिरल्यावरही परीक्षा संपत नाहीत. एमबीबीएसचे पहिले वर्ष चार प्रयत्नांत आणि संपूर्ण अभ्यासक्रम नऊ वर्षांत पुरा करावा लागतो. पाठांतराने आत आलेला विद्यार्थी शरीररचनाशास्त्राच्या पहिल्याच परीक्षेत गळपटतो.

परदेशी पाठवण्याचे आमिष दाखवणारे दलालही गावोगाव फिरतात. "तेथे गुण लागत नाहीत," असे ते सांगतात. त्यांना एवढेच विचारावे : परदेशातून पदवी घेऊन आल्यावर भारतात रुग्ण तपासायचा, तर आधी येथे नीटमध्ये पात्र झालेले असावे लागते की नाही? लागते. शिवाय अभ्यासक्रम निदान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून असावा लागतो, आणि परतल्यावर आणखी एक परीक्षा द्यावी लागते.

जगात सर्वत्र अशीच रीत आहे असे मात्र नाही. अमेरिकेत वैद्यकीय महाविद्यालयात जाण्यापूर्वी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते, आणि तेथे त्या पदवीच्या प्रत्येक सत्राचे गुण मोजले जातात. ४ पैकी सरासरी साधारणतः ३.७ च्या वर असलेले विद्यार्थी बहुधा निवडले जातात. नापास झालेला विषय पुन्हा देऊन उत्तम गुण मिळवले, तरी जुना डाग नोंदीत राहतोच. मात्र पहिल्या वर्षी अडखळलेला मुलगा पुढे चढत गेला, तर त्याची दखल घेतली जाते. तेथे गुणांबरोबर प्रवेशपरीक्षा, मुलाखत आणि सेवेचा अनुभव हेही पाहतात. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या नातलगांच्या सल्ल्याने इकडच्या मुलांची तयारी करू नये, एवढाच यातील बोध.

आणि एक काळ तर असा होता, की आपल्या मराठी मातीतली एक मुलगी कोणत्याही महाविद्यालयाची गुणपत्रिका हाती नसताना त्याच अमेरिकेत डॉक्टर होण्यास गेली. आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १८८६ साली पदवीधर झाल्या. त्या संस्थेने त्यांच्या गुणांपेक्षा त्यांचा निर्धार पाहिला. आज असा दरवाजा कोठेही उघडा नाही. परंतु निर्धाराची गरज मात्र तितकीच आहे.

आईबापांशी चार शब्द

शेवटी एक गोष्ट जड अंतःकरणाने लिहावी लागते. २०१९ च्या एप्रिलमध्ये तेलंगणात इंटरच्या निकालांत मोठ्या चुका झाल्या. चांगल्या मुलांच्या गुणपत्रिकेवर शून्य उमटले, परीक्षेला बसलेल्यांना गैरहजर दाखवले गेले. त्या निकालानंतर राज्यात वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आपला जीव दिला. चुका पुढे दुरुस्त होऊ शकल्या. गेलेली मुले परत आली नाहीत. एक कागद चुकीचा असू शकतो, आणि बरोबर असला तरी तो एका परीक्षेचा कागद असतो, आयुष्याचा निवाडा नव्हे, हे त्या मुलांना वेळेवर सांगणारे कोणी जवळ असते तर!

म्हणून निकालाच्या दिवशी मुलाला एकटे सोडू नका. "शेजारच्याच्या पोरीला किती पडले?" हा प्रश्न त्या दिवशी घरात उच्चारू नका. आकडा काहीही असो, आधी त्याला जेवू घाला. गुण चुकल्यासारखे वाटत असतील, तर फेरतपासणीचा मार्ग आहे. मूल अबोल झाले, जेवण टाकू लागले, रात्र रात्र जागू लागले, तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर दूरध्वनी करा. तेथे दिवसरात्र बोलणारे आणि ऐकून घेणारे लोक आहेत, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.

आणि ओट्यावरील त्या दोन बापांना काय सांगावे? पहिल्याला सांगावे : दादा, पोरीने उंबरठा थाटात ओलांडला, तिचे कौतुक करा, पण जिना अजून पुढे आहे, तेव्हा पेढ्यांबरोबर दाखल्यांचीही तयारी ठेवा. दुसऱ्याला सांगावे : भाऊ, तुमचा पोरगाही उंबरठ्याच्या आतच आहे. त्याला हाताला धरून विचारा, की जिना चढण्याची त्याची स्वतःची इच्छा आहे काय. असेल, तर एक वर्ष नीट तयारी करू द्या. नसेल, तर त्याला दुसरी वाट मोकळ्या मनाने दाखवा. आपल्या गावाला डॉक्टर हवे आहेत, हे खरे. परंतु चांगली परिचारिका, चांगला शिक्षक आणि जाणता शेतकरीही तितकेच हवे आहेत, आणि यांपैकी काहीही होण्यास मूल आधी हसतमुख व जिवंत असावे लागते.